आकडा तपासा, मगच पैसे पाठवा



आर्वीकडच्या एका बैठकीत एका ताईंनी विचारलं, "नाव बरोबर असलं तर एखादा आकडा चुकला तरी चालते ना?" नाही ताई. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. एक आकडा चुकला तर गटाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो, मग बँकेत चकरा माराव्या लागतात.

आता आयएफएससी कोड बघा. तो पासबुकावर छापलेला असतो. एकूण ११ अक्षरं-आकडे: पहिली ४ बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची ६ शाखेची. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' लिहू नका.

जुन्या पासबुकावर विसंबू नका. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, नंतर तिचे जुने कोड बंद झाले. नवा कोड शाखेतच विचारा. परदेशातून पैसे येणार असतील तर स्विफ्ट कोड वेगळा लागतो, तोही तिथंच मिळेल.

फॉर्म भरताना जोडी करा: एकीनं पासबुकातला आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं फॉर्मवर बोट ठेवून तपासायचा. मगच सही! पुढच्या बैठकीला पासबुक आणा, सगळ्या मिळून बघू.