भट्ट्या वाढल्या आणि वीज कोसळली

प्रश्न : ‘फॅक्टोरिओ’मध्ये लोखंडाच्या भट्ट्या वाढवल्या की सगळा कारखाना मंदावतो. वीज कमी पडते, आणि मग ती कमीच होत जाते. असे का?

उत्तर : प्रागच्या वुब सॉफ्टवेअरने घडवलेल्या या खेळात हा घाव अनेक खेळाडूंना बसतो. दोष बहुधा कोळशाच्या वाटणीत असतो.

दगडी भट्टी कोळसा जाळून 90 किलोवॅट खाते. माल वाहणारा एक पिवळा पट्टा पूर्ण भरून लोखंड काढायला अशा 48 भट्ट्या लागतात आणि त्या सेकंदाला एकाहून थोडा जास्त कोळसा गिळतात. विजेच्या इंजिनांसाठी वाफ करणाऱ्या एका बॉयलरला सेकंदाला 0.45 कोळसा पुरतो. म्हणजे भट्ट्यांची ही रांग दोन बॉयलरांपेक्षा जास्त इंधन खाते! भट्ट्या आणि बॉयलर एकाच पट्ट्यावर असले आणि भट्ट्या आधी आल्या, तर बॉयलर उपाशी राहतात.

खरा धोका त्यानंतरचा. कोळसा खणणारी यंत्रे विजेवर चालतात. वीज घटली की खोदाई मंदावते, त्यामुळे बॉयलर आणखी थंडावतात.

म्हणून बॉयलरांसाठी कोळशाची वेगळी खाण आणि वेगळा पट्टा हवाच. कोळसा बॉयलरमध्ये टाकायला विजेचे यांत्रिक हात न लावता कोळशावर चालणारे हात लावावेत. ते स्वतःचे इंधन स्वतःच उचलतात. एका बॉयलरमागे दोन वाफेची इंजिने, म्हणजे 1.8 मेगावॅट, हे प्रमाण पाळावे. पोलाद हाती येताच पोलादी भट्ट्या बसवाव्यात : इंधन तेवढेच, वेग दुप्पट.