चिलटे धरणारे बटरवर्ट

आम्ही ऊस विकास खात्यातले लोक एरवी खताचा हप्ता चुकवू नका म्हणून ओरडतो. या रोपाला मात्र युरियाचा दाणासुद्धा दाखवू नका. बटरवर्टच्या पुष्कळ जाती मेक्सिकोच्या डोंगरातल्या. तिथल्या कपारीत मुळाला नत्र मिळत नाही, म्हणून पानच पोट झाले. पानाला बोट लावा, तूप माखल्यागत लागते. चिलट बसले की चिकटले. मग पान पाचक रस सोडून त्यातला नत्र शोषते. पोरे हौसेने मटणाचा तुकडा ठेवतात, त्याने पान कुजते.

कुंडीत काळी माती, शेणखत नको. धुतलेली जाड वाळू आणि परलाइट घ्या. पाणी पावसाचे साठवलेले. बोअरचे खारे पाणी घातले तर रोप हळूहळू जाते. क्षारपड रानातला ऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन पुरते.

थंडीत पाने बारीक, जाड होतात, चिकटपणा जातो. मेले समजून उपटू नका, पाणी तेवढे कमी करा. त्याच वेळी एखादे पान बुडासकट अलगद काढून दमट वाळूवर ठेवावे. आपण उसाची कांडी लावतो, तसे हे पान. त्याच्या बुडाशी नवे रोप फुटते.