हार्मोनिक बॅलन्सर व त्याची निवड

अनुनादाचा धडा शिकवितांना आम्ही नेहमीं झोपाळ्याचें उदाहरण देत आलों आहों. झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीशीं जुळवून दिलेला बोटाएवढा धक्का त्याचा झोका वाढवीत नेतो. लय चुकवून दिलेला मोठा धक्काही फुकट जातो. इतकीं वर्षें हें सांगून झाल्यावर तेंच तत्त्व एका स्नेह्यांच्या मोटारींत आमच्या समोर येऊन उभें राहिलें, तेव्हां मात्र तें आम्हांस ओळखूं आलें नाहीं, व त्याचा भुर्दंड त्या स्नेह्यांस पडला. ती हकीकत सांगण्यापूर्वीं तें यंत्र समजावून घेऊं. म्हणजे आमची चूक कोठें झाली हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस आपोआप दिसेल.

इंजिनाच्या सिलिंडरमध्यें भडका उडाला कीं पिस्टन खालीं रेटला जातो, आणि त्या रेट्यानें क्रँकशाफ्ट हा वळणावळणाचा पोलादी दांडा फिरतो. हा दांडा आपणांस अगदीं ताठ व अचल वाटतो. वस्तुतः प्रत्येक भडक्यासरशी तो किंचित् पिळला जातो व भडका ओसरतांच उलगडतो. धुतलेलें धोतर पिळून सोडलें म्हणजे जसें उलगडतें तसें. आठ सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत दर फेऱ्यास चार भडके होतात. मिनिटास ३००० फेरे धरले तर सेकंदास २०० धक्के झाले. शिवाय तंबोऱ्याच्या तारेंतून मूळ स्वराबरोबर जसे उपस्वर निघतात, तशा या धक्क्यांतही मुख्य लयीबरोबर अनेक उपलयी असतात. त्यांसच इंग्रजींत हार्मोनिक म्हणतात. यांपैकीं एखादी लय दांड्याच्या स्वतःच्या लयीशीं जुळली कीं झोपाळ्याप्रमाणें पीळ वाढत जातो. आंत बसलेल्या मनुष्यास पुष्कळदां कांहीं कळतही नाहीं, आणि इकडे पोलाद थकत असतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सहा सिलिंडरांचीं लांब इंजिनें निघालीं, तेव्हां हा दोष प्रथम ठळकपणें दिसून आला, कारण दांडा जितका लांब तितका तो पिळावयास सोपा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरानें १९१० सालीं यावर एक उपाय पेटंट केला. दांड्याच्या पुढील टोकास एक जड भाग असा बसवावयाचा कीं तो दांड्याबरोबर फिरेल, पण त्यास घट्ट जखडलेला नसेल. दांडा थरथरूं लागला कीं जड भाग आपल्या जडत्वानें एकसारखाच फिरत राहूं पाहतो. दोघांत घर्षण होतें, आणि थरथरीची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. आजच्या बहुतेक मोटारींत त्या घर्षणाचें काम रबराकडे आहे. आंत लोखंडी हब, त्याभोंवतीं रबराची पट्टी, आणि बाहेर जड कडें. रबर किती जाड, किती कठीण, आणि कडें किती वजनाचें, हें त्या त्या इंजिनाच्या लयीस जुळवून ठरविलेलें असतें. पुष्कळ गाड्यांत याच कड्यावरून अल्टरनेटर वगैरेंचा पट्टा फिरतो, म्हणून आमच्याकडील गॅरेजांत यास ‘क्रँक पुली’ म्हणतात. हें सुटसुटीत नांवच घोटाळ्याचें मूळ आहे, कारण त्यायोगें मालकास वाटतें कीं ही केवळ पट्ट्याची कप्पी आहे.

आम्हांसही तसेंच वाटलें. स्नेह्यांच्या डिझेल गाडीचा पट्टा किंचाळूं लागला व त्याबरोबर चाक डुगडुगतांना दिसूं लागलें. मिस्तरीनें चाक काढून दाखविलें. रबर भेगाळून बाहेर आलें होतें. त्यानें समोर दोन चाकें ठेवलीं. एक रबराचें, तिप्पट किमतीचें. दुसरें सबंध लोखंडी, त्याच मापाचें. “मास्तर, यांत रबरच नाहीं, तर तुटेल काय?” असें तो म्हणाला. आमचे स्नेही आमच्या तोंडाकडे पाहूं लागले, कारण आम्ही पडलों शास्त्र शिकविणारे. आम्हीं लोखंडी चाकाकडे बोट दाखविलें. मिस्तरीनें कांहीं लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें बोलणें अक्षरशः खरें ठरलें. तें चाक आजही धड आहे. सव्वा वर्षानें तुटला तो क्रँकशाफ्ट.

त्याचें कारण केवळ तें चाकच, असें शपथेवर सांगतां येणार नाहीं, परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांनीं नववींत अनुनादाचा धडा चालू असतां आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां ज्याचे वडील गॅरेज चालवितात असा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, रबर काढून टाकलें, तर मग तो पीळ जाणार कोठें?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. प्रश्न मात्र सव्वा वर्ष उशिरां आला होता, आणि तो आम्हीं स्वतःच विचारावयास हवा होता.

एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं सबंध लोखंडी चाक सर्वत्रच वाईट नव्हे. कांहीं लहान इंजिनांचा दांडा आंखूड व ताठ असतो, आणि त्यांस कारखान्यांतूनच तसें चाक येतें. तेथें तेंच योग्य. कारखानदारानें रबराचें दिलें असेल तेथें मात्र रबराचेंच घ्यावें; गाडी हलकी व चपळ होईल म्हणून जे तरुण ॲल्युमिनियमची कप्पी बसवितात, त्यांनींही आपल्या इंजिनास मुळांत काय होतें तें आधीं पाहावें.

माप जुळलें म्हणजे चाक जुळलें, ही समजूत किती महाग पडते याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील मोटारींत सांपडतें. तेथें जुनीं इंजिनें घरच्या घरीं उभारणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. फोर्ड कंपनीचें ३०२ घनइंचांचें आठ सिलिंडरांचें इंजिन १९६८ सालीं निघालें. त्याचा क्रँकशाफ्ट एकटा समतोल नसतो. पुढच्या बॅलन्सरांत व मागच्या फ्लायव्हीलांत एका बाजूस मुद्दाम अधिक वजन ठेवून तोल साधलेला असतो. प्रथम या वजनाचा हिशेब २८ औंस-इंच होता, म्हणजे मध्यापासून एक इंचावर २८ औंस किंवा चार इंचांवर ७ औंस. १९८१-८२ च्या सुमारास तो ५० करण्यांत आला. इंजिनाचें नांव मात्र तेंच राहिलें. तसेंच शेव्हरोलेटच्या एकाच घराण्यांतील ३५० घनइंचांचें जुनें इंजिन आंतूनच समतोल आहे, तर १९७० ते १९८० पर्यंत निघालेलें ४०० चें इंजिन बॅलन्सरांतील वजनावर विसंबून आहे. म्हणजे कांहीं इंजिनांत हें चाक दोन कामें करतें: पीळ शमविणें व तोल सांभाळणें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल घ्यावी. ५० च्या जागीं चुकून २८ चें चाक बसविलें तर तूट २२ औंस-इंच, म्हणजे सुमारें ०.०१५८ किलोग्रॅम-मीटर. मिनिटास ३००० फेरे म्हणजे सेकंदास ३१४ रेडियन. त्याचा वर्ग करून तुटीनें गुणिलें असतां सुमारें १५६० न्यूटन येतात. दीडशें किलोंहून अधिक वजनाचा हा ओढा सेकंदास पन्नास वेळां दांड्याभोंवतीं फिरत राहतो, आणि फेरे दुप्पट केले तर तो चौपट होतो. दुकानांत मात्र हीं दोन्ही चाकें हातीं घेऊन पाहणाऱ्यास भावंडें वाटतील.

म्हणून दुकानीं जातांना गाडीचें नांव पुरत नाहीं; इंजिनाचा क्रमांक, सालसंवत् व जुन्या चाकावरील कोरलेला आंकडा बरोबर असावा. पट्ट्याच्या खांचा, बोल्टांचीं छिद्रें, वेळदर्शक खुणेची जागा, आणि कांहीं गाड्यांत सेन्सरसाठीं कापलेले दांते हीं सारीं जुन्याशीं ताडून पाहावीं. वर्षानुवर्षें फळीवर पडून राहिलेलें ‘नवें’ चाकही शंकास्पद समजावें, कारण रबर न वापरतांही म्हातारें होतें.

जुनें चाक बिघडलें कीं नाहीं हें पाहण्याची एक युक्ति घरींही करतां येते, मात्र इंजिन बंद व थंड असतांना. हबापासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी व आठवडाभर गाडी चालवावी. रेघ मध्येंच तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर कडें रबरावरून घसरलें आहे. अशा कड्यावर वेळदर्शक खूण असेल तर तीही खोटी पडते, व तिच्यावरून ठिणगीची वेळ लावणारा मिस्तरी निष्कारण दोषी ठरतो.

बसविणें हें घरचें काम नव्हे. इतकेंच पाहावें कीं पुलर हबास लावला आहे, बाहेरच्या कड्यास नाहीं, नाहीं तर रबर फाटतें. कीं नवें चाक हातोड्यानें ठोकलें जात नाहीं. आणि जेथें कारखानदारानें सांगितलें आहे तेथें मधला बोल्ट नवा घेतला आहे. हबावर तेलाच्या सीलनें चर पाडला असेल तर नुसतें सील बदलून तेलगळती थांबत नाहीं.

दुरुस्तीचा निम्मा खर्च आम्हीं देऊं केला होता; स्नेह्यांनीं घेतला नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं तुटलेला क्रँकशाफ्ट शाळेस दिला. तो प्रयोगशाळेंत खिडकीजवळच्या कपाटांत आहे. त्याची तुटलेली कड आडवी नसून सुमारें ४५ अंशांत तिरपी आहे. धडा झाल्यावर आम्ही प्रत्येक मुलाच्या हातीं एक खडू देतों व दोन्ही टोकें धरून पिळावयास सांगतों. खडू तुटतो तोही तसाच तिरपा. मग मुलें तो तुकडा घेऊन कपाटापाशीं जातात व क्रँकशाफ्टाच्या कडेस लावून पाहतात.