हिरव्या डोक्याचा दगड

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो. त्याचे डोके कोणत्या रंगाचे आहे, हे तुम्ही पाहिले का? पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवे असेल तर राज्यमार्ग, म्हणजे राज्य सरकारचा रस्ता.

चला, निपाणीहून देवगडला जाणारा राज्यमार्ग पाहू या.

निपाणी हे तंबाखूच्या व्यापाराचे गाव. ते कर्नाटकात आहे. तेथून निघालो की मुरगूड लागते, मग मुदाळ तिट्टा. येथून कोल्हापूर, गारगोटी आणि राधानगरीकडे वाटा फुटतात. येथे एस.टी.ची पाटी नीट वाचा. अक्षर येत नसले की "ही गाडी कुठली हो?" असे दहा जणांना विचारावे लागते. सांगणारा चुकला, की आपण भलत्याच गावी!

राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले. त्याला सात दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आले की ते आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. आम्हाला याचे अजून नवल वाटते. पुढे दाजीपूरचे जंगल. तेथे गवे आहेत. रात्री गाडी हळू हाका.

मग फोंडा घाट उतरायचा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. पावसाळ्यात दरड कोसळते, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणखी एक गंमत बघा. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस भोगावतीतून कृष्णेला मिळतो आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडचा पाऊस अरबी समुद्राला जातो.

खाली फोंडा, मग नांदगाव तिट्टा. येथे मुंबई-गोवा महामार्ग आडवा येतो. त्याचा दगड पिवळ्या डोक्याचा. तो ओलांडला की हापूस आंब्याचे देवगड.

आता कामाची गोष्ट. राज्यमार्गावर मोरी खचली, तर नुसते सरपंचाला बोलून भागत नाही. हा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. अर्ज त्यांना करावा. "रस्ता फार खराब आहे" असा मोघम अर्ज पडून राहतो. जवळच्या दगडावरचे गाव व आकडा त्यात उतरून घ्या. "फोंडा ५ कि.मी., या दगडाजवळची मोरी खचली आहे" असे लिहा. खाली तारीख घाला, सही करा. अंगठा नको, आता तुम्हाला सही येते. अर्जाच्या दोन प्रती करा. एक तेथे द्या, दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्या आणि ती घरी जपून ठेवा.