कवी राम जोशी

पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापुरात मुद्गल जोशी नावाचे विद्वान पुराणिक राहत. त्यांच्या धाकट्या भावाचा, रामाचा, जीव मात्र डफ-तुणतुण्यात रमे. पुराणिकाच्या घरचा मुलगा तमाशात उभा राहतो, हे मुद्गलांना साहवेना. त्यांनी त्याला घराबाहेर काढले. राम पंढरपुरास गेला. तेथे त्याने मन लावून संस्कृताचे अध्ययन केले. पुढे तो कीर्तने करू लागला. पण लावणी काही सुटली नाही! ती सुटली नाही, हे बरेच झाले. लावण्यांनी गाजलेल्या या शाहिरानेच बारामतीच्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) भारदस्त आर्या कीर्तनांतून गाऊन लोकांच्या ओठी आणल्या. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. त्यात रामजोशांची भूमिका गायक नट जयराम शिलेदार यांनी केली.