सूनबाईच्या नावावर

लातूर

चि. बाळास,


परवा फोनवर तू लाकडी घाण्याचं सांगितलंस, तेव्हा मी नुसतं हूं हूं केलं. तुझी काकू शेजारीच बसली होती. आज हे पत्र तिला वाचून दाखवूनच टाकतो आहे.

घाणा घालायला माझी हरकत नाही. कर्डई आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानातलं पीक, करडीच्या तेलाची फोडणी खाल्लेली माणसं तुझ्या नांदेडात पुष्कळ. पण तू म्हणालास, "नोकरीत अडचण नको म्हणून सगळं हिच्या नावावर करतो." तिथे मी अडकलो.

1994 साली मीही असंच केलं. किल्लारीचा भूकंप होऊन गेला होता, औसा-निलंग्याकडे गावंच्या गावं नव्याने उभी राहत होती. सरकारी नोकरी सांभाळून मी सिमेंटचं दुकान टाकलं, तुझ्या काकूच्या नावावर. कोऱ्या चेकवर सह्या तिच्या, उधारी माझी. किती माल गेला, किती येणं आहे, हे तिला मी कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं तर चिडलो. दोन वर्षांनी बँकेची नोटीस आली. ती भाकरी थापत होती. पोस्टमनने रजिस्टर पुढे केलं, तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. पाकिटावर माझं नाव नव्हतंच. कर्ज फिटायला सात वर्षं लागली. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा तिच्या पापड-मसाल्याचा. ते दुःख मला अजून आहे.

तुझ्या सरकारी नोकरीचा नियमही नीट वाच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे परवानगीशिवाय तुला व्यापार करता येत नाही. घरातलं कोणी करत असेल तर तेही कळवावं लागतं, आणि त्याच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणं तुला चालत नाही. कचेरीतल्या लोकांना बाटल्या देईन म्हणालास, ते यातच येतं. तेव्हा लेखी कळव आणि बाटल्या घरीच ठेव.

आता मला सांग, साडेनऊला तू कचेरीत निघालास की घाण्यापाशी कोण उभं राहणार? साधारण चार किलो कर्डईला किलोभर तेल पडतं, बाकीची पेंड. बी निवडणं, वाळवणं, तेल निवळायला ठेवणं, बाटल्या भरणं, पेंडीच्या गिऱ्हाइकाशी भाव करणं हे दिवसभराचं काम. अन्नसुरक्षेची नोंदणी सूनबाईच्या नावावर असली की लेबलवर काही चुकलं तर विचारणा तिलाच. सुटं तेल विकायला कायद्याने बंदी आहे, हे तरी तिला सांगितलंस का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच : धंदा तिचा असेल तर खराच तिचा असू दे. खातं तिचं, चेकबुक तिच्या कपाटात, उधारी द्यायची की नाही हे ती ठरवणार. तू रात्री बाटल्या धू. पोती उचल. हिशेब मागितला तर ती दाखवेल. हे जमणार नसेल तर घाणा घालूच नकोस. नोकरीत राहा, पगार पुरतो आहे.

2020 साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, असं ठरलं होतं. ती अजून चालू आहे का, याची बँकेत चौकशी कर, पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, हाती रोकड येत नाही. ते धरून मोठं यंत्र घेऊ नकोस. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस.

काल मी सूनबाईशी बोललो. तुला न सांगता बोललो, राग मानू नकोस. ती म्हणाली, "काका, आधी एक हंगाम दुसऱ्याच्या घाण्यावर गाळून घेते, बचत गटातल्या बायांना देऊन बघते, मग यंत्राचं बघू." हे तिने तुला दोनदा सांगितलं होतं म्हणे.

येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, दोघं या. काकू भज्जी-आंबील करणार आहे. रानात कर्डई उभी असेल, काट्याची असली तरी सूनबाईला तिथे फिरवून आण. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की पुन्हा या. पोतं मी उघडून देईन, मूठ भरून बी तिनेच पाहायचं आणि भावही तिनेच बोलायचा.

तुझा
काका