दुखणे हलके करणारे हात

मुलांनो, पनवेल तालुक्यात गव्हाण नावाचे गाव आहे. अशी कल्पना करा, की या गावातील एका घरात एक आजोबा अंथरुणाला खिळले आहेत. त्यांचे सारे आयुष्य खाडीत मासे पकडण्यात गेले. आता त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला आहे. रोग फार पसरला आहे. डॉक्टर म्हणाले, "हा रोग आता बरा होणार नाही. आजोबांना घरी न्या." घरी आल्यावर आजोबा रात्रभर कण्हतात. काय करावे ते सुनेला सुचत नाही. शेजारी म्हणतात, "आता करण्यासारखे काही उरले नाही."

शेजाऱ्यांचे हे म्हणणे खरे आहे का? नाही. रोग बरा होत नसला, तरी करण्यासारखे पुष्कळ असते.

एके दिवशी सकाळी त्या घरी एक परिचारिका येते. ती आजोबांच्या शेजारी बसते आणि विचारते, "आजोबा, कुठे दुखते? शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचे दुखणे किती?" आजोबा बोटांनी आठ दाखवतात. परिचारिका तो आकडा वहीत लिहून डॉक्टरांना कळवते. डॉक्टरांनी लिहून दिलेले वेदनाशामक औषध घड्याळ पाहून, ठरलेल्या वेळी द्यायचे, हे ती सुनेला समजावते. दुखू लागेपर्यंत वाट पाहायची नाही. ती जखम धुऊन पट्टी बांधते. तोंड कसे स्वच्छ ठेवावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आजोबांना थोड्या थोड्या वेळाने कुशीवर कसे वळवावे, हेही ती दाखवते. शेवटी ती सुनेला विचारते, "ताई, तुम्ही जेवलात का? रात्री झोप होते का?" कारण रुग्णाबरोबर त्याचे घरही थकलेले असते.

अशा सेवेला उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. मोठ्या आजाराचे उपचार चालू असतानाच ती सुरू करता येते. कॅन्सर, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे जुने आजार, अर्धांगवायू अशा अनेक रुग्णांना तिचा उपयोग होतो.

या सेवेचा पाया सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी घातला. त्यांचा जन्म 1918 साली झाला. प्रथम त्या परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे शिकून 1957 साली डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या सांगत, की रुग्णाचे केवळ शरीर दुखत नाही. मनातली भीती, घरची काळजी आणि देवाला विचारावेसे वाटणारे प्रश्न, हे सारे मिळून त्याचे दुखणे होते.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्रे येथे 1986 साली सुरू झाले. त्याचे नाव शांती आवेदना. 1993 साली केरळमधील कोळिकोड येथे वैद्यकीय महाविद्यालयात असेच एक केंद्र निघाले. तेथे शेजारीपाजारीही रुग्णसेवा शिकले आणि हे काम घरोघर पोहोचले. 2012 साली केंद्र सरकारने यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. मुंबईत परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. टाटा मेमोरियल केंद्राचीच एक मोठी संस्था गव्हाणच्या तालुक्यात, खारघरला आहे.

तुम्हांलाही असे काम करावेसे वाटते का? मग त्याची वाट नीट समजून घ्या.

दहावीनंतर बारावी पूर्ण करावी लागते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेतले, तर बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी घेता येते. कला किंवा वाणिज्य शाखा घेतली, तरी वाट बंद होत नाही. इंग्रजीत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. मुलींसाठी ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. प्रवेश परीक्षा आणि गुणांचे नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षी ते पाहून घ्यावेत. महाविद्यालयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासावे.

शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. मग रुग्णालयात काम करून अनुभव घ्यावा. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते. कॅन्सर रुग्णांच्या परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. उपशामक सेवेचे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. पुढे रुग्णालयात, हॉस्पिसमध्ये किंवा घरोघर जाणाऱ्या पथकात काम मिळू शकते.

हे काम सोपे नाही. ज्याची महिनाभर सेवा केली, तो रुग्ण एके दिवशी जातो. तेव्हा परिचारिकेचेही डोळे भरून येतात. रात्रपाळी असते. काही घरांत मुलीला या कामाला पाठवायला आईवडील कचरतात. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एखाद्या परिचारिकेची भेट घालून द्या. आणि मुलग्यांनो, हे केवळ मुलींचे काम आहे, असे समजू नका. पुरुष रुग्णाला अंघोळ घालताना परिचारक असला, तर त्याचा संकोच कमी होतो.

आणखी एक गोष्ट. दुखण्यात माणसाला आपली भाषा जवळची वाटते. गव्हाणचे आजोबा आपल्या बोलीत बोलतील, भिवंडीची एखादी दादी उर्दूत बोलेल. तुम्ही उर्दूत शिकता आणि मराठीही शिकता. म्हणून दोघांचेही दुखणे तुम्हांला ऐकता येईल. ज्याला तुम्ही घरी तीमारदारी म्हणता, तिलाच मराठीत शुश्रूषा म्हणतात. शब्द दोन, काम एकच. तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर आज त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. विचारा, "कुठे दुखते?" आणि उत्तर पूर्ण ऐका. पहिला धडा तोच आहे.

शब्दार्थ
अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे
कण्हणे – दुखण्यामुळे हळू आवाज करणे
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
परिचर्या, शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
कचरणे – मागेपुढे पाहणे
संकोच – लाज, अवघडलेपणा

स्वाध्याय
1. परिचारिकेने आजोबांच्या घरी कोणकोणती कामे केली?
2. "आता करण्यासारखे काही उरले नाही," हे म्हणणे चूक का आहे?
3. बारावीला कला शाखा घेतलेल्या मुलीला परिचारिका कसे होता येईल?
4. 'डोळे भरून येणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
5. जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला भेटा. तिला विचारायचे पाच प्रश्न मराठीत लिहा.